सेव्ह म्हणजे सेव्ह!

मंडळी, या वीकएंडला जरा भांडायचा मूड आहे. कुणा माणसाशी नाही, आमच्या धंद्यातल्या एका सवयीशी. यंत्राला आपण एक गोष्ट सांगायची, त्यानं मान डोलावून 'झालं' म्हणायचं, आणि लाईट जाऊन आली की 'आपण कोण?' असा चेहरा करायचा. या विसरभोळेपणाला आम्ही इंजिनियर लोक 'डिझाइन' म्हणतो आणि वर वापरणाऱ्यालाच विचारतो, 'मॅन्युअल वाचलं होतं का?'

हे सगळ्या डब्यांना लागू आहे, राउटरपासून सीसीटीव्हीपर्यंत. पण मी नमुना घेतोय सॉफ्टवेअर डिफाइन्ड रेडिओचा, कारण एक तर तो माझा शनिवार-रविवारचा छंद आहे आणि दुसरं म्हणजे तिथं हा रोग फार स्वच्छ दिसतो.

ज्यांना एसडीआर माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जुन्या रेडिओत कुठली फ्रिक्वेन्सी, कुठलं मॉड्युलेशन हे कॉइल, कपॅसिटर वगैरे मंडळी ठरवायची. एसडीआरमध्ये अँटेनातून आलेली लहर लवकरात लवकर आकड्यांत बदलायची, आणि पुढचं सगळं प्रोग्रॅमनं करायचं. तोच डबा आज एफएम ऐकवेल, उद्या विमानांचे संदेश वाचेल. जीएनयू रेडिओ नावाचं फुकट सॉफ्टवेअर २००१ पासून आहे, आणि २०१२ च्या सुमारास लोकांच्या लक्षात आलं की टीव्ही बघायचं एक स्वस्त यूएसबी डोंगलसुद्धा एसडीआर म्हणून चालतं. तेव्हापासून हा खेळ घराघरांत पोचला. आणि हे फक्त पोरखेळ आहेत असं समजू नका. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी आहे, ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना. तिथंसुद्धा आकाशातून आलेला सिग्नल शेवटी आकड्यांत बदलून संगणकच चाळतात.

आता येऊ या विसरभोळेपणाकडे.

विद्यार्थ्यांमध्ये नाव झालेला एक डबा आहे, ॲनालॉग डिव्हाइसेसचा ॲडाल्म-प्लूटो. २०१७ च्या आसपास आला. खिशात मावेल एवढा, आत झिंक चिप आणि तिच्यावर चालणारं अख्खं लिनक्स. ३२५ मेगाहर्ट्झपासून ३.८ गिगाहर्ट्झपर्यंत ऐकतो (बोलतोसुद्धा, पण त्याला परवाना लागतो, तेव्हा हात आवरा). यूएसबीला जोडला की नेटवर्कवर १९२.१६८.२.१ या पत्त्यावर हजर. शिवाय पेनड्राइव्हसारखा एक ड्राइव्ह दिसतो, त्यात कॉन्फिग नावाची टेक्स्ट फाइल. पत्ता बदलायचा तर ती फाइल नोटपॅडमध्ये उघडायची, आकडा बदलायचा, सेव्ह करायची. इथंवर झकास.

गंमत पुढे आहे. नोटपॅडनं फाइल सेव्ह केली म्हणजे पत्ता सेव्ह झाला असं नाही! तो ड्राइव्ह 'इजेक्ट' केल्यावर आतलं लिनक्स ती फाइल वाचतं आणि मगच पत्ता फ्लॅश मेमरीत उतरतो. इजेक्ट न करता वायर उपसली की केलेलं सगळं गेलं. मॅन्युअलमध्ये हे लिहिलंय, नाही असं नाही. पण आपल्यापैकी किती जण पेनड्राइव्ह इजेक्ट करून काढतात? हात वर करा. हं, तेच म्हणतोय मी.

दुसरा सापळा याहून सुंदर. तुम्हाला लिनक्स येतं, तुम्ही हुशार, तुम्ही एसएसएचनं आत शिरता. नेटवर्कची फाइल उघडता, बदलता, सेव्ह करता. एडिटर म्हणतो, लिहिलं. परत उघडून बघता, बदल तिथंच आहे. रीबूट करता... आणि फाइल कोरी करकरीत, कारखान्यातून आल्यासारखी. कारण ती अख्खी फाइल सिस्टम रॅममध्ये राहते. चालू होताना मूळ प्रत फ्लॅशमधून रॅममध्ये उलगडली जाते, नेटवर्कच्या फाइली बूटलोडरच्या नोंदींवरून नव्यानं लिहिल्या जातात, आणि तुम्ही केलेले बदल विजेबरोबर विरतात. खरी जागा म्हणजे यू-बूटचं एन्व्हायर्नमेंट. तिथं लिहायला वेगळी कमांड आहे, एफडब्ल्यू-सेटएन्व्ह. ती माहीत असली तर तुम्ही शहाणे, नसली तर भोगा.

'मग काय एवढं? एकदा कळलं की झालं ना!' असं हिंजवडीतला माझा शेजारी म्हणतो. त्याच्या टेबलाखाली यूपीएस आहे, इमारतीला जनरेटर आहे, डबा हाताच्या अंतरावर आहे. त्याच्या बाबतीत खरंच एवढं काही नाही.

माझं घर तुळजापूरचं. बालाघाटच्या डोंगरावर गाव असल्यानं आकाश मोकळं, अँटेनाला याहून चांगली जागा नाही. गच्चीवर असाच एक डबा बसवलाय (कुठल्या कंपनीचा ते जाऊ दे, भांडण सवयीशी आहे). १०९० मेगाहर्ट्झवर विमानं आपापली उंची आणि ठावठिकाणा सांगत जातात, ते हा ऐकतो आणि मी पुण्यात बसून बघतो. त्याला पत्ता दिला, त्याच्या पानावर 'सेव्ह्ड' असं हिरव्या अक्षरांत आलं. वळवाच्या पावसात दहा मिनिटं लाईट गेली. दुसऱ्या दिवशी फोनवर:

'बाबा, डब्याचा दिवा लागलाय का?'

'लागलाय की. हिरवा.'

'मग मला का दिसत नाहीये तो?'

'मला तर दिसतोय इथनं. रात्री लाईट गेलती, तेवढंच.'

बाबांचं बरोबर होतं. दिवा हिरवा, डबा जिवंत, विमानंही ऐकतोय. फक्त स्वतःचा पत्ता विसरून कारखान्यातल्या पत्त्यावर जाऊन बसलाय, आणि त्या पत्त्यावर त्याला हाक मारणारं घरात कुणी नाही. दुरुस्ती दोन मिनिटांची. पण त्या दोन मिनिटांसाठी कुणीतरी लॅपटॉप घेऊन गच्चीवर चढायला हवं, आणि ते कुणीतरी तीनशे किलोमीटरवर आहे.

माझी विमानं दोन दिवस दिसली नाहीत तर कुणाचं काही बिघडत नाही. पण हाच डबा तालुक्याच्या एखाद्या कॉलेजात ठेवा. प्राध्यापकांनी उत्साहानं घेतला, पोरांनी प्रॅक्टिकल केलं, लाईट गेली, डबा नेटवर्कवरून गायब. पुन्हा लावला, पुन्हा गायब. तिसऱ्यांदा 'बिघडला' असं लेबल चिकटवून डबा कपाटात जातो. तो बिघडलेला नसतोच. पण पोरांच्या मनात काय राहतं? हे आपल्याला जमत नाही, हे पुण्या-मुंबईच्या पोरांचं काम. माझा खरा राग इथं आहे. आयपीचा एक आकडा लक्षात ठेवायचा आळस केला, आणि त्याची किंमत ज्याच्या जवळपास इंजिनियर नाही त्यानं मोजली.

ॲडाल्म या नावातली शेवटची दोन अक्षरं 'लर्निंग मॉड्यूल'ची आहेत, शिकण्यासाठीचा डबा. शिकणारा माणूस लॅपटॉपशेजारी बसलेला असणार आणि त्याची लाईट जाणार नाही, हे गृहीत कुणी धरलं?

आता समोरच्या बाजूचं ऐकू. अगदीच मूर्ख लोक नाहीत ते, आपलेच भाईबंद आहेत.

पहिला मुद्दा: 'फाइल सिस्टम रॅममध्ये ठेवली किंवा फक्त वाचण्यापुरती ठेवली की लाईट गेल्यावर ती खराब होत नाही.' हे शंभर टक्के मान्य! उलट तुळजापूरसारख्या ठिकाणी तर हेच हवं. लिहिता लिहिता वीज गेली आणि अख्खी सिस्टम बसली तर डबा खरोखरच कपाटात जाईल. पण हा युक्तिवाद प्रोग्रॅमसाठी आहे, सेटिंगसाठी नाही. प्रोग्रॅम दर वेळी कोरा चालू होऊ दे, उत्तम. पत्ता हा प्रोग्रॅमचा भाग नाही, माझा आहे. घर दर दिवाळीला नव्यानं रंगवा की, पण दारावरची पाटी कशाला पुसता?

दुसरा मुद्दा: 'फ्लॅश झिजते.' झिजते, मान्य. अशा डब्यांत वापरतात ती नॉर फ्लॅश एका सेक्टरला साधारण १,००,००० वेळा पुसून लिहिता येते. मी वेडा होऊन रोज एकदा पत्ता बदलला तरी २७३ वर्षं पुरेल. तोपर्यंत आयपीच काय, मीही नसेन. पुढे.

तिसरा: 'लिहिताना नेमकी वीज गेली तर पत्त्याची नोंदच अर्धवट राहील.' याचं उत्तर जुनं आहे. दोन प्रती ठेवायच्या, प्रत्येकीला चेकसम लावायचा, एक लिहीत असताना दुसरीला हात लावायचा नाही. खुद्द यू-बूटमध्ये एन्व्हायर्नमेंटच्या दोन प्रती ठेवायची सोय आहे. एक पर्याय चालू करायचा प्रश्न आहे, पीएचडी करायचा नाही.

चौथा: 'यूपीएस बसवा.' म्हणजे खिशात मावणाऱ्या डब्याची स्मरणशक्ती सांभाळायला बॅटरी घ्या, आणि दर काही वर्षांनी ती बदला! शिवाय फर्मवेअर बदलल्यावर रीबूट होतोच, तेव्हा यूपीएस काय करणार?

पाचवा, आणि माझा सगळ्यात नावडता: 'राउटरवर डीएचसीपीनं पत्ता राखून ठेवा ना.' मीही सध्या तेच करतो, उपयोगी आहे. पण याचा अर्थ एवढाच की एका डब्याच्या विस्मरणासाठी दुसऱ्या डब्याला वही ठेवायला लावायची. राउटर बदलला की वहीही गेली.

हे जमवता येत नाही असं कुणी म्हणणार असेल तर ज्यांनी जमवलंय ते बघा. युसर्प एन२१० या जुन्या एसडीआरमध्ये आयपी पत्ता बोर्डावरच्या ईईप्रॉममध्ये लिहितात. त्यासाठी वेगळा प्रोग्रॅम आहे, त्याच्या नावातच 'बर्न' आहे. एकदा लिहिलं की लिहिलं. आणि चुकून भलताच पत्ता लिहिला तर? आत एक बटण आहे, ते दाबून चालू केला की डबा सुरक्षित मोडमध्ये मूळच्या १९२.१६८.१०.२ वर येतो. बास, एवढंच तर हवंय!

रेड पिटायाचं उदाहरण मला जास्त आवडतं, कारण तिथं कार्ड मुळात फक्त वाचण्यापुरतं जोडलेलं असतं. सेटिंग बदलायला गेलात तर तोंडावर सांगतो, 'इथं लिहिता येत नाही.' आधी एक छोटी कमांड देऊन लिहिण्याची परवानगी घ्यायची, मग बदल करायचा, आणि तो टिकतो. कटकट आहे? आहे. पण खोटेपणा नाही. 'नाही' म्हणणारा डबा मला चालतो. 'हो' म्हणून विसरणारा चालत नाही.

नेटवर्कवाल्यांनी तर हा प्रश्न कधीच सोडवलाय. सिस्को शिकलेल्या प्रत्येकाला रनिंग कॉन्फिग आणि स्टार्टअप कॉन्फिग हा फरक पहिल्याच आठवड्यात शिकवतात. दोन वेगळ्या गोष्टी, दोन वेगळी नावं. रीलोड करायला गेलात तर राउटर विचारतो, बदल केलेत, सेव्ह करू का? जुनिपरमध्ये तर 'कमिट कन्फर्म्ड' नावाची चैन आहे. बदल लागू होतो, पण ठरलेल्या वेळात (तुम्ही काही सांगितलं नाही तर १० मिनिटांत) तुम्ही तो पक्का केला नाही तर यंत्र आपणहून जुन्या सेटिंगवर परततं. लांबून पत्ता बदलताना स्वतःलाच बाहेर कोंडून घ्यायची भीती संपली. ज्यांचे डबे हजार किलोमीटरवरच्या खोलीत असतात त्यांनी हा विचार केला, कारण त्यांना करावाच लागला.

आणि सगळ्यात जुनं उदाहरण तर घरात होतं. व्हॉल्व्हच्या रेडिओची सुई! लाईट गेली, आली, सुई जिथल्या तिथं. बटण हेच सेटिंग आणि बटण हीच मेमरी. आपण बटण काढून त्या जागी आकडा ठेवला, त्याबद्दल तक्रार नाही, आकड्यानं हजार गोष्टी शक्य झाल्या. पण बटणाकडे जो एक गुण फुकटात होता तो आकड्याला द्यायची जबाबदारी आपली होती. ती आपण विसरलो.

हे सगळं छंदापुरतं आहे असं वाटत असेल तर थोडं मागे जाऊ. ३० सप्टेंबर १९९३, गणपती विसर्जनानंतरची पहाट, ३ वाजून ५६ मिनिटं. किल्लारीचा भूकंप. लातूर आणि आमचा उस्मानाबाद (आताचा धाराशिव) मिळून दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. मी जन्मायच्या आधीची गोष्ट, पण सास्तूरकडच्या पाहुण्यांच्या घरी अजूनही त्या पहाटेचा विषय निघतो. अशा वेळी वीज आणि फोन आधी जातात. २००१ च्या भूज भूकंपात आणि २००४ च्या त्सुनामीत अंदमानमध्ये हॅम रेडिओवाल्यांनी निरोप पोचवले ते म्हणूनच लक्षात राहिले. त्यांच्याकडे बटणांचे सेट होते. बॅटरी लावली की सेट तयार. पुढच्या वेळी त्या जागी एसडीआर असतील, जनरेटरवर चालणारे, जनरेटर तासातासाला बंद पडणारा. त्या वेळी प्रत्येक झटक्यानंतर कुणी लॅपटॉप जोडून, फाइल उघडून, इजेक्ट करून पत्ता देत बसणार आहे का?

तुळजापुरात हे समजावून सांगायला फार कष्ट पडत नाहीत. आमच्या देवीची मूर्ती चल आहे. वर्षातून तीनदा ती सिंहासनावरून उठून पलंगावर निद्रेला जाते, मंचकी निद्रा म्हणतात तिला. ठरलेला दिवस आला की पुन्हा त्याच सिंहासनावर. झोपून उठल्यावर आपण कोण, आपली जागा कुठली, असा प्रश्न तिथं कुणाला पडत नाही. आणि मंदिरात चिंतामणी नावाचा गोल दगड आहे. मनात प्रश्न धरून हात ठेवायचे. उजवीकडे फिरला तर हो, डावीकडे फिरला तर नाही, हलला नाही तर काम उशिरा, असं मानतात. श्रद्धा तुमची तुमच्यापाशी, पण वापरणाऱ्याला स्पष्ट उत्तर द्यावं एवढं तरी त्या दगडाला कळतं! आमचा डबा नुसता दिवा लुकलुकवतो.

तर मागण्या. ज्यांच्या हातात फर्मवेअर आहे त्यांच्यासाठी:

१. आकडा फ्लॅशवर उतरून परत वाचून बघितल्याशिवाय 'सेव्ह्ड' म्हणू नका.

२. बदल तात्पुरता असेल तर तिथंच लिहा: 'लाईट जाईपर्यंतच टिकेल.'

३. सेटिंगचा कप्पा प्रोग्रॅमपासून वेगळा ठेवा, दोन प्रती आणि चेकसमसकट. नवं फर्मवेअर घातलं तरी त्याला हात लावू नका.

४. पत्ता बदलल्यावर ठरलेल्या वेळात कुणी पक्का केला नाही तर जुना परत आणा.

५. मूळ पत्त्यावर परत यायला एक बटण द्या, आणि ते बटण दाबल्याशिवाय कधीही आपणहून परत येऊ नका.

आणि ज्यांच्याकडे आज प्लूटो आहे त्यांच्यासाठी, राग बाजूला ठेवून: कॉन्फिग फाइल सेव्ह केली की ड्राइव्ह इजेक्ट करा, वायर तशीच राहू द्या, काम पूर्ण होऊ द्या. यूएसबी-इथरनेट लावून लांब ठेवणार असाल तर त्याच फाइलमध्ये इथरनेटच्या पत्त्याची वेगळी ओळ आहे, ती भरा. रिकामी ठेवली तर तो डीएचसीपीनं पत्ता मागतो. एसएसएचनं करायचं तर एफडब्ल्यू-सेटएन्व्हनं करा, नेटवर्कची फाइल बदलून नाही. स्वतःची स्क्रिप्ट टिकवायची असेल तर जेएफएफएस२ चा छोटा कप्पा आहे, त्यात ऑटोरन स्क्रिप्ट ठेवली की चालू होताना ती चालते. पासवर्ड आणि एसएसएचच्या किल्ल्या टिकवायलाही वेगळी स्क्रिप्ट दिलेली आहे. म्हणजे बघा, सगळं करता येतं! दार आहे, फक्त ते भिंतीच्या रंगानं रंगवलंय.

शेवटी एक चाचणी, कुठल्याही डब्याला लागू. सेटिंग करा, सेव्ह म्हणा, दहा सेकंद थांबा, आणि सरळ प्लग उपसा. शटडाउन नाही, नमस्कार नाही. परत लावा. डबा त्याच नावानं, त्याच पत्त्यावर आला तर पास. नाही आला तर त्या कंपनीला लिहा, मेल करा, बग नोंदवा, आणि उत्तरात 'मॅन्युअल वाचा' आलं तर त्यांना एकच विचारा: तुमच्या टेस्टिंगच्या खोलीत लाईट कधी गेलती का?

असो. भांडून झालं. ज्यांना पटलं नाही त्यांनी आधी प्लग उपसून बघावा, मग बोलू.